बंपर कापताना मार्जिन ठेवायचं

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्यांना पावसाळ्यातलं धुकं काय ते वेगळं सांगायला नको. जांबोटी मागं पडून कणकुंबी आली की पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी जवळ गेल्यावर दिसतात. हेडलाइट वर केला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प खाली बंपरात बसवतात ते यासाठीच.

माझी लेक साखळीला दिली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दर शनिवारी पहाटे तिकडं जायचं काम नातवाकडं आलं. त्याची गाडी सेकंडहँड, सगळ्यात स्वस्त मॉडेल. फॉग लॅम्पच्या जागी नुसती प्लास्टिकची झाकणं. घरी आम्हा म्हाताऱ्यांचा जीव तो पोचल्याचा फोन येईपर्यंत टांगलेला.

त्यानं बाजारातून 90 मिलिमीटरचे गोल लॅम्प आणले. बंपरातली जागा त्यांना पुरेना. दुकानातला पोरगा ग्राइंडर घेऊनच बाहेर आला. मी म्हटलं, थांब बाबा, आणि नातवाला उद्यमबागेत नेलं.

तिथले एक मिस्त्री माझे जुने खातेदार. त्यांच्या लेथचं पहिलं कर्ज माझ्याच सहीनं झालं, आणि एकही हप्ता कधी चुकला नाही. आता वय ऐंशीच्या वर, मुलं पुण्याला, शेड भाड्यानं दिलेली. कोपऱ्यातला एक बाक तेवढा त्यांनी स्वतःकडं ठेवलाय. आमच्याशी बोलणं मराठीत, पण माप घेताना तोंडातल्या तोंडात ओंदु, एरडु, मूरु. बेळगावात याचं कुणाला नवल?

"हात थरथरतो ओ साहेब," ते म्हणाले. "मी सांगतो, पोरगा कापू दे."

बंपर गाडीवर ठेवून कापायचाच नाही, हे पहिलं. चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरच्या क्लिपा काढून दोघांनी तो उतरवला आणि जुन्या गोधडीवर ठेवला. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पीपी छापलेलं होतं. पॉलिप्रोपिलीन. हे साधारण 160 अंशांना वितळतं. म्हणून ग्राइंडर नको. चाक जोरात फिरलं की प्लास्टिक कापलं जाण्याऐवजी वितळतं आणि मागच्या मागं परत चिकटतं. कड लोण्यासारखी ओघळते, रंग फुगतो.

मग पुठ्ठ्याचा साचा. तो लॅम्पच्या रिंगला लावून बघितला, तीनदा कातरला. बंपरावर मास्किंग टेप, टेपवर रेघ. टेपमुळं रेघ दिसते आणि रंगाचे टवके उडत नाहीत. खळग्याचे जे दोन कोपरे कापायचे होते तिथं आधी सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. कोपरा टोकदार राहिला तर गाडीच्या हादऱ्यानं तिथूनच तडा जातो. कापायला हॅक्सॉचं तुटकं पातं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली. बस्स.

"रेघेवर कापू नको. आत दोन-तीन मिलिमीटर ठेव. उरलेलं कानस खाईल."

मी म्हटलं, म्हणजे मार्जिन! मिस्त्री हसले. आयुष्यभर लोकांना मार्जिन भरा म्हणून सांगितलं, ते प्लास्टिकलाही लागू असेल हे कुठं माहीत होतं. शीट मेटल निदान ठोकून ओढता तरी येतं. प्लास्टिक जास्त गेलं की गेलं.

नातू दोनदा घाई करायला लागला. "गडबड करू नको की रे, गोवा कुठं पळून जातोय?" मिस्त्रींनी कानशीवर त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि तेवढ्या वेळापुरता तो हात थरथरला नाही. मी नीट बघितलं. अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर, आधी 120 चा, मग 240 चा. पहिल्या बाजूला अडीच तास लागले, दुसऱ्या बाजूला पाऊण.

वायरिंगचा हिशेब मी केला, बी.कॉम. असलो तरी. 55 वॅटचे दोन दिवे, 110 भागिले 12, म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. मूळ स्विचवर एवढा भार टाकायचा नाही. वेगळा रिले आणि 15 अँपिअरचा फ्यूज.

नातवाला पुढं स्टीलचा गार्डही लावायचा होता. मिस्त्रींनी साफ नकार दिला. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या परिवहन खात्यानं राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलंय, हे मी सांगितलं. मिस्त्रींचं कारण साधं होतं. बंपर दबण्यासाठीच असतो. पुढं लोखंड लावलं की धक्का सरळ आत येतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला मारतो तो वेगळाच. त्याच कारणानं बंपरामागच्या लोखंडी पट्टीला त्यांनी पोराला हातही लावू दिला नाही.

पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाज." नातवानं दुकानातून नवी अर्धगोल कानस आणून दिली, ती मात्र घेतली.

शनिवारी पावणेआठला साखळीहून फोन आला, पोचलो म्हणून. पाच मिनिटांत मिस्त्रींचाही आला. धुक्याचं त्यांनी विचारलंच नाही.

"डाव्या बाजूची रिंग वाजत नाही न्हवं? तिथं एक मिलिमीटर जास्त गेलंय. आल्यावर घेऊन या, रबर लावू."