वाफा आणि वाफ्याबाहेरची जमीन

खेड्यात वाढून पुढे शहरात आणि तेथून परदेशात गेलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात भाजीचा वाफा तीन वेगवेगळ्या रूपांत येतो. पहिले रूप परसदारचे असते : न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला मिळून जे उरते, त्यावर मेथी, कोथिंबीर, मुळा असे काहीबाही पिकविणारा, चार बोटे उंचीच्या बांधाचा हा तुकडा बहुधा घरातील आजीच्या हाती असे, आणि तिचे तेथील खुरपणे शेतीत धरले जात नसे व घरकामातही मोजले जात नसे. दुसरे रूप शहरातील खिडकीत तेलाच्या रिकाम्या डब्याचे असते, ज्याला वाफा म्हणणे हा निव्वळ उदारपणा होय.

तिसऱ्या रूपाचे ठळक उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहरात आढळते. तेथे पिकार्डो या इटालियन वंशाच्या कुटुंबाच्या भाजीमळ्यावर 1973 मध्ये महानगरपालिकेच्या आधाराने सामूहिक भाजीबाग सुरू झाली आणि त्या आडनावाच्या आद्याक्षरावरून अशा सर्व बागांना ‘पी-पॅच’ हे नाव पडले. सार्वजनिक जमिनीचे लहान वाफे पाडून ते नागरिकांना अल्प वार्षिक शुल्कावर कसण्यास द्यावयाचे, रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य ठेवावयाची, आणि प्रत्येक वाफेधारकाने वर्षातून ठरावीक तास बागेच्या सामाईक कामाला द्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. हे तास भरून काढण्याचा मुख्य प्रसंग म्हणजे वसंतातील श्रमदिवस, आणि त्याची खरी मौज अशी की स्वतःच्या वाफ्यात गाळलेला घाम त्या हिशेबात धरला जात नाही.

वाफ्याबाहेरची जमीन, म्हणजे पायवाटा, कुंपणाची कड, अवजारांची खोली आणि खताचे कप्पे, ही कोणा एकाची नसल्यामुळे हिवाळाभराच्या पावसात तिच्यावर तणांचे राज्य होते. त्यांत बाइंडवीड ही वेल सर्वांत चिवट असते : तिची पांढरी, शेवयांसारखी मुळे ओल्या मातीत खोलवर पसरलेली असतात, ओढताच ती कटकन तुटतात आणि मागे राहिलेल्या बोटभर तुकड्यातून नवा कोंब फुटतो, त्यामुळे दातेरी फावड्याने माती सैल करून, एकाने देठ धरून आणि दुसऱ्याने खालून हात घालून ती सबंध काढावी लागतात. ही मुळे खतात टाकावयाची नाहीत, हे नवख्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते. हरळी आणि लव्हाळा यांच्याशी ज्याचे बालपणी वैर झाले आहे, त्याला मात्र ते सांगावे लागत नाही. पायवाटांवर पुठ्ठे अंथरून त्यावर लाकडाचा भुगा पसरणे आणि खताचा ढीग आतून गरम राहावा म्हणून वरखाली करणे, ही त्या दिवसाची उरलेली कामे होत.

बागेचे सामूहिकपण या कामांतच असते, कारण वाफ्यांच्या पातळीवर प्रत्येक जण आपापल्या टोमॅटोचा मालक असतो व शेजाऱ्याच्या गोगलगायींबद्दल त्याची तक्रारही असते. परसदारी ही सामाईक कामे नव्हती असे नाही. पाट मोकळा करणे, उकिरडा सावडणे, कुंपणाला काटे लावणे ही सारी तेथेही होतीच, केवळ त्यांची वही ठेवलेली नव्हती. श्रमदिवसाला येणाऱ्याने नाव लिहून तास नोंदवावेत, ही कल्पना त्या आजीला बहुधा हास्यास्पद वाटली असती, तरी ती तिच्या बाजूची आहे.

तथापि परदेशातील मराठी घरांत जुनी रीत वहीतूनही वाट काढते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई थंडी ओसरताच वाफा आपल्या ताब्यात घेते, मेथी फेकून पेरते, सामाईक वाटेवरचे तणही सहज जाता-जाता उपटते. आणि नियम वाफेधारकाला लागू असल्यामुळे तिने भरलेले तास वहीत मुलाच्या नावापुढे चढतात.