उद्यमबागेतला काटा

बेळगावात लहानाची मोठी झाले, पण उद्यमबाग माझ्यासाठी खानापूर रोडवरून जाताना दिसणाऱ्या पाट्यांपुरतीच होती. तिसरं रेल्वे गेट ओलांडलं की फाउंड्रीच्या वाळूचा करपट वास येतो, एवढं माहीत. गेल्या श्रावणात मात्र रिक्षात माझं सीएनसीचं टेबल आडवं घालून तिकडेच गेले.

कारण आजीचा देव्हारा. त्याची जाळी मोडली होती. जुन्या घराच्या चौकटीचं सागवान काढून तिने दोन फळ्या जपल्या होत्या. पहिली मी कापली. तीनशे मिलिमीटरची जाळी जवळपास एक मिलिमीटर आखूड आली, खाचेत लोंबकळली. आजी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मामांची टूलरूम म्हणजे लेथच्या दोन रांगा आणि भिंतीला टेकवलेली चहाची किटली. मी ऐटीत हिशोब सांगितला: मोटरचा एक फेरा ३२०० पावलांचा, त्यात पट्टा ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक पाऊल ०.०१२५ मिलिमीटर.

"पाऊल लहान आहे गं," मामा म्हणाले, "पण ते पडतं कुठे, बघितलंस काय?"

त्यांनी डायल गेज लावला. काट्याचं एक घर ०.०१ मिलिमीटर. मी एकेक पाऊल टाकत गेले. काटा ढिम्म, मग एकदम उडी. दिशा उलटी केली, तर पहिले ०.१५ मिलिमीटर नुसते पट्ट्याच्या ढिलाईत गेले. (म्हणूनच माझी गोल फुलं चार जागी चपटी यायची. मी पात्याला दोष देत होते!)

आधी पट्टा ताणला. मग टेबलाचं डोकं शंभर मिलिमीटर मागे घेऊन मध्ये शंभराचा स्लिप गेज ठेवला. काटा तीस घरं पुढे. म्हणजे यंत्र शंभर म्हणतं तेव्हा ९९.७ च चालतं. ८० पावलांना एक मिलिमीटर धरलं होतं, तिथे ८०.२४ टाकलं. पावलं १६ ऐवजी ३२ भागांत तोडली असती, तरी ही चूक तशीच राहिली असती, फक्त जास्त बारीक आकड्यात. दोन्ही कर्ण मोजून काटकोनही सरळ केला.

दुसरी फळी मात्र लगेच लावू दिली नाही मामांनी. "आधी प्लायवर काप. तीनदा. तिन्ही सारख्या आल्या तर सागवानाला हात लाव."

तिसरी प्लायची जाळी अंधार पडल्यावर निघाली. तिन्हींत फरक ०.०५ च्या आत. आजीचा फोन आला, जेवायला कधी येतेस. म्हटलं, अजून एक कापायचीय.