चाकणहून दिल्ली किती दूर?

पुणे ते दिल्ली हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे साडेअकराशे किलोमीटर. ताशी आठशेच्या वेगाने हिशेब मांडला तर दीड तासही लागू नये. वेळापत्रक मात्र दोन तासांहून अधिक दाखवते. धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढ-उतार आणि दिल्लीच्या आकाशातील प्रतीक्षा त्यात धरलेली असते.

खरा प्रश्न त्याआधीच्या प्रवासाचा. चाकण ते लोहगाव सरळ रेषेत अवघे वीस-एकवीस किलोमीटर. परंतु मोशी-भोसरीमार्गे जावे की आळंदी-दिघीमार्गे, कंटेनरच्या रांगांपुढे दोन्ही वाटा सारख्याच. पाळी बदलण्याच्या वेळी निघणारा माणूस दोन तास हाताशी ठेवूनच घर सोडतो. विमान हुकले तर उद्योजकाची एखादी बैठक चुकते. गावाकडे आई अत्यवस्थ असल्याचे कळून निघालेल्या कामगाराचे त्याहून फार मोठे काही चुकते. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा. २०२४ मध्ये तेथे नवे टर्मिनल सुरू झाले, धावपट्टी तीच राहिली.

चाकण-राजगुरुनगर परिसरातच विमानतळ होणार, ही चर्चा येथे वर्षानुवर्षे चालली. अखेर २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली; म्हणजे चाकणकरांना अख्खे पुणे ओलांडणे आले. (जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचे दुःख दोन्हीकडे सारखेच.) आता निगडी-किवळेकडच्या प्रवाशांपुढे द्रुतगती मार्गाने नवी मुंबईचा विमानतळ गाठण्याचा पर्याय आहे. अंतर जवळजवळ चौपट, पण रस्ता मोकळा. अर्थात घाटात कोंडी नसेल तर.