काक्षीचा उजेड

डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवरून स्वच्छ रात्रीही मोजकेच तारे दिसतात. खाली रस्त्यावरचे एलईडी दिवे, पलीकडे स्टेशनची झगमग आणि हवेत बाराही महिने धुरकटपणा. तरी आकाशनिरीक्षणाच्या छंदातला माझा सगळ्यांत मोलाचा हिवाळा याच गच्चीवर गेला.

सुरुवात वांगणीला झाली. मुंबई-ठाण्याच्या आकाशवेड्यांना कर्जत लाइनवरचं हे स्टेशन चांगलं ठाऊक असतं. २०१९ च्या दिवाळीनंतर अमावास्येच्या आसपास तिथल्या एका रात्रभराच्या आकाशदर्शनाला मी गेले. तिथले एक ज्येष्ठ काका नवख्यांना दुर्बिणीपाशी लगेच जाऊ देत नसत. मोबाइल बॅगेत ठेवायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं अंधारात नुसतं बसायचं. नकाशा बघायला हवाच असेल, तर लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी. डोळा सरावला की मग ओळख परेड: कृत्तिका, रोहिणी, मृग, मृगाच्या पोटातला त्रिकांड बाण आणि त्या बाणाच्या रेषेत खाली व्याध. "टेलिस्कोप पळून जात नाही. आधी शेजारपाजार पाठ होऊ दे," असं ते बजावायचे. नव्याने या छंदात येणाऱ्यांना मीही हेच सांगते. पहिलं वर्षभर डोळे, आकाशाचा नकाशा आणि फार तर १० × ५० ची द्विनेत्री पुरे.

त्याच डिसेंबरात बातमी आली. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनन आणि त्यांचे सहकारी यांनी कळवलं होतं, की मृगातला तांबूस काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, कधी नव्हे इतका मंदावतो आहे. मी काकांना फोन लावला. "अगं, मग बघ की! याला काय लागतंय? तुझ्या गच्चीवरून होईल," ते म्हणाले आणि पद्धत समजावून दिली.

ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. काक्षी एरवी साधारण ०.५ प्रतीचा असतो. त्याला मापायला तारे शेजारीच आहेत: रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१ आणि मृगाच्या चौकोनातला काक्षीलगतचा कोपरा, बेलाट्रिक्स, १.६. आपल्या ताऱ्याहून एक तेजस्वी आणि एक मंद असे दोन निवडायचे आणि आपला त्यांच्यात कुठे बसतो ते ठरवायचं. रोहिणी आणि बेलाट्रिक्स यांच्या अगदी मधोमध वाटला तर १.२५, रोहिणीकडे झुकला तर १.१. मात्र तांबड्या ताऱ्यावर नजर रोखून चालत नाही. तो डोळ्यांत साचत जातो आणि आहे त्याहून तेजस्वी वाटू लागतो. म्हणून झटकन बघायचं, नजर काढायची, दुसऱ्यावर न्यायची. क्षितिजाजवळचा तारा हवेमुळे फिका पडतो, तेव्हा तारे शक्यतो सारख्या उंचीवर असताना मापायचे.

जेवणं आटोपली की मी वही घेऊन वर जायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहिलं की रस्त्यावरचा दिवा आड होई. तारीख, वेळ, तुलनेचे तारे, आकडा. संक्रांतीच्या सुमारास काक्षी रोहिणीहून उघड मंद होता. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो बेलाट्रिक्सच्या बरोबरीला आला आणि मृगाचा चौकोनच अनोळखी दिसू लागला. एका ताऱ्याच्या अंगावर काहीतरी घडत होतं आणि ते मला दिव्यांनी भरलेल्या शहरातून नुसत्या डोळ्यांनी कळत होतं! त्या रात्री मला बराच वेळ खाली उतरवेना.

पुढे टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये पश्चिमेला कललेला काक्षी पुन्हा रोहिणीला मागे टाकू लागला होता. २०२१ मध्ये चिलीतल्या महादुर्बिणीच्या छायाचित्रांवरून संशोधकांनी कारण मांडलं: ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, पृष्ठभागाचा एक भाग थंडावला, त्या वायूची धूळ झाली आणि तिने ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग झाकला. काक्षी पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे हे प्रत्यक्ष घडलं ते आपल्याकडे यादवांच्या अखेरीपासून बहामनी राजवटीपर्यंत केव्हातरी.

त्याचं तेज बदलतं हे जॉन हर्शेलने १८३६ मध्ये नुसत्या डोळ्यांनीच टिपलं होतं. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना १९११ पासून जगभरच्या हौशी मंडळींचे असे आकडे जमवते आहे. माझेही आता तिथे जातात.

मे संपेपर्यंत वही मिटावी लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर शेतकरी ज्याची वाट पाहतात तो मृग लागतो, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो; पण त्याआधीच त्याच्या उजेडात ते दिसेनासं झालेलं असतं. त्यावर पाऊस. दसऱ्याच्या आगेमागे मृग मध्यरात्रीपूर्वी पूर्वेला उगवू लागला की नोंदी पुन्हा सुरू.

गेल्या हिवाळ्यापासून शेजारची नववीतली मुलगीही वर येते. आमचा नियम एकच: दोघींनी आपापला आकडा आधी लिहायचा, मग एकमेकींना सांगायचा. तिचा आकडा माझ्याहून सहसा दोन दशांशाने मोठा येतो. "काकू, मग बरोबर कोणाचं?" तिने विचारलं. तांबड्या ताऱ्याच्या बाबतीत दोन डोळ्यांत एवढा फरक पडतोच, म्हणून दोन्ही नोंदी आम्ही आहेत तशाच पाठवतो.