पाण्यात चेहरा दिसेपर्यंत

आंबवण्याच्या इतिहासाच्या या धाग्यात आज इंग्लंडला जाऊ. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील तिथल्या बिअरविषयक पुस्तकांत एक सूचना आढळते. तांब्याच्या हंड्यात पाणी उकळावे, मग थांबावे. वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की ते भरडलेल्या माल्टवर ओतावे. पहिल्या वाचनात मला ही निव्वळ कविता वाटली होती. आता ती मी उपकरणाचे वर्णन म्हणून वाचतो.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. ते गरम पाण्यात कालवले की दाण्यातली विकरे पिष्टाची साखर करू लागतात. या कालवणाला मॅश म्हणतात आणि ते तासभर तरी साधारण ६२ ते ७० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहावे लागते. पट्ट्याच्या खालच्या टोकाला यीस्टला पचणारी साखर अधिक सुटते, म्हणून बिअर हलकी पण कडक होते. वरच्या टोकाला न आंबणारा अंश उरतो आणि ती दाट, भरदार लागते. फारच तापले तर विकरेच निकामी होतात. चेहरा दिसतो त्या घटकेला पाणी या पट्ट्याहून गरमच असते. गार माल्ट ते खाली आणतो.

पण उतरलेले तापमान टिकवायचे कसे? मोठ्या कारखान्याला ही चिंता कमी. पिंप वाढवले की घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते आणि उष्णता आत कोंडून राहते. हाल होतात ते लहान घाण्याचे. हे अंकांत पाहावे म्हणून मी पाच लिटर पाणी ६७ अंशांवर आणून ओट्यावर ठेवले (नुसते पाणीच, परवान्याशिवाय बिअर बनवणे आपल्याकडे गुन्हा आहे). उघड्या पातेल्यात तासाभरात पंधराएक अंश गेले. झाकण लावून दोन गोधड्यांत गुंडाळले, तेव्हा चारच. जुन्या इंग्रज घरांत हेच काम मॅशवर पसरलेला कोरड्या माल्टचा थर आणि वर टाकलेली गोणपाटे करत.

त्यामुळे तापमापकापूर्वी सारा कारभार अंदाजपंचे होता, असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. विरजण लावताना आपल्या घरांत कोण तापमापक बुडवते? शिवाय मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घरोघरची एल प्रामुख्याने स्त्रिया बनवत. धंदा मोठा होत गेला तसा तो त्यांच्या हातून कसा निसटला, हे जुडिथ बेनेट यांनी १९९६ साली सविस्तर मांडले आहे. पुस्तके आली ती नंतर, आणि ती लिहिली बहुतांशी पुरुषांनी. पाण्यात प्रथम पाहिलेला चेहरा कोणाचा, हे त्यांत शोधून सापडणार नाही.

१७५८ साली मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या व्यावसायिकाने बिअरनिर्मितीवरील आपल्या निबंधात तापमापकाचा पुरस्कार केला. पिष्टाची साखर करणारे द्रव्य पायाँ आणि पेर्सो यांनी माल्टमधून वेगळे काढले ते १८३३ साली. म्हणजे कारण कळण्याच्या पाऊणशे वर्षे आधीच आकडा हाती आला होता.

तरी तो सहज स्वीकारला गेला नाही. हॅम्पशायरमधल्या ऑल्टनचा जेम्स बॅव्हरस्टॉक १७६०च्या दशकात कॉम्ब्रून वाचून तापमापक वापरू लागला, पण नव्या गोष्टींचे वावडे असलेल्या वडिलांपासून त्याला तो लपवावा लागे, असे सांगतात. या प्रसंगात वडिलांना हट्टी म्हातारा ठरवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. ज्याने आयुष्यभर वाफेकडे पाहून वेळ ओळखली, त्याच्या घरात आता एक काचेची नळी आली होती, आणि ती वाचायला आयुष्य घालवावे लागत नव्हते.