पौषातील ताडोबा

हिवाळ्यात अरण्यदर्शनास निघालेला प्रवासी व्याघ्रदर्शनाचीच आस धरून असतो. गोंडपिपरीहून ताडोबास निघताना आमचेही तसेच होते. मोहर्लीच्या प्रवेशद्वारी उघड्या गाडीत बसताच पौषाच्या थंडीने हातपाय बधिर झाले. वाटाड्यावाचून आत प्रवेश नाही, आणि हे वाटाडे बहुधा आसपासच्या गावचेच तरुण. आमच्या वाटाड्याचे डोळे धुळीतील पावलांवर व कान अरण्याकडे. एकाएकी चितळ ओरडले. त्याने हात वर करून गाडी थांबविली. वाघच, असे सर्वांस वाटले; परंतु झाडीतून निघाली ती रानकुत्री, आणि निःशब्दपणे रस्ता ओलांडून गेली.

पुढे रस्त्याच्या कडेचे गोंडकालीन स्तंभ दाखवून त्याने तारूची कथा सांगितली. तारू हा गावचा मुखिया. वाघाशी झुंजता तो पडला आणि देव झाला. ताडोबा हे नाव त्याचेच, अशी लोकांची श्रद्धा. तलावाकाठी मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे.

१९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. वाघ वाढले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु याच जिल्ह्यात, आमच्या गोंडपिपरीकडेही, शेतावर वा मोहफुलांस गेलेली माणसे आजही वाघाच्या तोंडी पडतात. ती सारीच काही देव होत नाहीत. आम्हां प्रवाशांस वाघ हा देखावा, त्यांस तो शेजारी. यास्तव ज्या गावांनी हे शेजारपण सोसले, त्यांच्या मुलांस वाटाड्याचे काम मिळणे हा उपकार नसून हक्क होय, असे आम्हांस वाटते.