पट्टी दाखव, मग बोलू

नक्कल पकडायची असेल तर बरोबर उत्तरं बघत बसू नये. बरोबर उत्तर वर्गातल्या सगळ्यांचं सारखंच येणार. चूक मात्र ज्याची त्याची असते, निदान असायला हवी.

2021 च्या पावसाळ्यात करोनामुळे आमचं सगळं शिकवणं मोबाइलवरून चाललं होतं. मी अर्थशास्त्र शिकवते. घर नांदेडला, नोकरी लातूर जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात. द्वितीय वर्षाला हमीभावावर स्वाध्याय दिला होता. त्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 3,950 रुपये होता. कुणीतरी लिहिताना एक शून्य जास्त टाकलं, आणि ते 39,500 वहीमागून वही फिरत माझ्यापर्यंत आलं. अक्षर वेगळं, शाई वेगळी, फोटोत वहीखाली कुणाची सतरंजी तर कुणाची फरशी, आकडा तोच. मला राग नकलेचा आला नाही. घरी चार-चार एकर सोयाबीन पेरलेल्या पोरांना क्विंटलला एकोणचाळीस हजार लिहिताना काहीच खटकलं नाही, याचा आला. बापाला नुसतं वाचून दाखवलं असतं तरी तो उठून बसला असता.

विभागात यावर चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, कॅमेरा सुरू ठेवायला लावा. त्यांना अहमदपूर-चाकूर भागातल्या वाड्या-तांड्यांवरची रेंज माहीत नसावी. माझ्या तासाला पोरं माळवदावर चढून बसत. अनेक घरांत स्मार्टफोन एकच, तोही थोरल्या भावाचा. भाऊ रानात गेला की फोन रानात. परीक्षेला तर काही जण थेट नेट सेंटरवर जात आणि पर्यायांवर क्लिक कोण करतं हे सेंटरवाल्यालाच ठाऊक. अशा ठिकाणी कॅमेरा लावून काय बघायचं?

याच नांदेडात 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली होती आणि पुढे तिचं नाव राज्यभर झालं. पण तिथे निदान इमारत होती. खिडकीतून चिठ्ठी येते म्हटल्यावर खिडकीवर माणूस उभा करता येतो, भरारी पथक धाडता येतं. ऑनलाइनमध्ये प्रत्येक घर परीक्षा केंद्र. एवढी पथकं आणायची कुठून?

दुसरी सूचना सॉफ्टवेअरची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे नियम 2018 सालचे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. पुढे चाळीस, साठ आणि त्यावर अशा पायऱ्या आणि पायरीगणिक शिक्षा. पण ते लागू आहेत प्रबंधांना, शोधनिबंधांना. स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. शिवाय मराठीची आपली वेगळी गंमत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेला मजकूर यंत्राला इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणजे आख्खं पुस्तक उतरवलं तरी साम्य नगण्य. आणि माझ्याकडे तर हातानं लिहिलेल्या पानांचे फोटो येत होते.

तेव्हा मी प्रश्नच बदलला.

त्या वर्षी सोयाबीनने मोठा खेळ केला होता. ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांच्या आसपास गेले. मग केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवं पीक बाजारात यायला लागलं आणि दर निम्म्यावर आले. माझा प्रश्न साधा होता: तुमच्या घरचा माल कधी विकला, कुठं विकला, हातात किती आले? आडतीची पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेबाचा कागद, जोडा. हमाली, तोलाई आणि कडत्याची कपात वजा जाता क्विंटलला खरा भाव किती पडला ते काढा, आणि हमीभावाशी ताडून बघा. लिहिलेलं आलं की मी प्रत्येकाला फोन करून दोनच मिनिटं बोलणार, गुण त्या बोलण्यावर.

पोरांची कुरकुर सुरू झाली. “मॅडम, पट्टी बापाकडं हाय, ते देत नाहीत.” मागून बघा म्हटलं. एकीच्या वडिलांनी फोन हातात घेऊन मलाच विचारलं, “हिला कशाला पाहिजे हिशेब?” मी सांगितलं, अभ्यास आहे. ते म्हणाले, मग लिहून घ्या, ओलावा जास्त हाय म्हणून किती कापले ते. आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी मला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, शिकवला. ते माझ्या नोट्समध्ये कुठंच नव्हतं.

नक्कल थांबली असं नाही. एकाने मित्राची पट्टी घेऊन नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, तारीखही बदलली. फोनवर मी विचारलं, त्या दिवशी मोंढा तर बंद होता, माप कुणी केलं? बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, “मॅडम, आमचं रान वाट्यानं दिलंय. पट्टी वाटेकऱ्याच्या नावानं निघती.” मग तेच लिही की, म्हटलं. वाट्याचा हिशेब लिहिलेला त्याचा स्वाध्याय त्या वर्षी सगळ्यांत चांगला होता.

खरी अडचण आली भूमिहीन घरांची. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरीनं पट्टी कुठून आणायची? तिच्यासाठी प्रश्न वेगळा केला: आगाऊ उचल किती घेतली, कोयत्याला, म्हणजे जोडप्याला, दर काय, हंगाम संपल्यावर फिटली किती? पण हे सगळ्या वर्गासमोर जाहीर विचारायची गोष्ट नव्हे. कुणाच्या घरचं कर्ज गुणांसाठी उघडं पाडायचा हक्क मला कुणी दिला? तेव्हापासून दोन-तीन पर्याय ठेवते, त्यात किराणा दुकानाचं महिन्याचं बिलही असतं.

केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन पोर्टलवरच्या अभ्यासक्रमांनी नकलेचा प्रश्न आपल्या परीनं सोडवला आहे. तिथल्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांचे साप्ताहिक स्वाध्याय घरून, पण त्यांना गुण फक्त पंचवीस. उरलेले पंचाहत्तर केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. स्वाध्यायाची उत्तरं यूट्यूबवर सर्रास मिळतात. आमची पोरं ती बघून पंचवीसपैकी पंचवीस आणतात आणि केंद्रावर अडकतात. पद्धत योग्य आहे. मात्र पोरं त्या पंचवीस गुणांच्या प्रश्नांतून काहीच शिकत नाहीत, ते नुकसान तसंच राहतं.

लातुरात शिकवताना आणखी एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर असते. शहरातल्या खासगी शिकवण्यांच्या ‘ट्यूशन एरिया’त गुण हे चलन आहे. 2024 च्या जूनमध्ये नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या प्रकरणात इथे अटका झाल्या, त्याच महिन्यात केंद्राचा परीक्षा गैरप्रकारविरोधी कायदा लागू झाला. तीन ते पाच वर्षं कैद, संघटित गुन्हा असेल तर किमान एक कोटी दंड. तो परीक्षार्थींसाठी नाही, धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आणि ते बरंच आहे. स्वाध्यायात शून्य जास्त टाकणाऱ्या पोरावर पोलीस सोडून काय मिळणार?

आता चॅटजीपीटी आलं आहे. त्याचं मराठी मला दुसऱ्या ओळीत ओळखू येतं. प्रत्येक परिच्छेद इस्त्री केलेला, कुठंही ‘मोंढा’ नाही, सगळीकडे ‘कृषी उत्पन्न बाजारपेठ’. तरी ते वापरू नका असं मी म्हणत नाही. वापरा, फक्त फोनवर मी कडत्याबद्दल विचारणार. वर्ग मोठा झाला की सगळ्यांना फोन जमत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून हजेरी क्रमांक काढते. कुणाचा निघेल हे आधी कळत नसल्यामुळे सगळेच बापाला विचारून ठेवतात. आमच्या प्राचार्यांना ही चिठ्ठ्यांची पद्धत पसंत नाही. नियमात बसत नाही म्हणतात. मूल्यमापनाच्या रकान्यात मी ‘तोंडी’ लिहिते आणि पुढच्या क्रमांकाला फोन लावते.